बुजलेल्या वाटेचा माग : पक्षाघाताच्या कारणशोधाची तीन शतके

माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या वाडीत एक आजोबा राहत. केळीच्या बागेला पाणी देता देता एके सकाळी ते रहाटाजवळ थबकले आणि उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरल्यासारखे झाले म्हणून मटकन खाली बसले. दोनचार मिनिटांत पडदा वर गेला, दिसू लागले. आजोबा हसून पुन्हा कामाला लागले. आठवडा उलटण्यापूर्वीच त्यांची डावी बाजू लुळी पडली. 'अंगावरून वारं गेलं' असे घरच्यांनी म्हटले. कोणी पारव्याच्या रक्ताने मालिश करावयास सांगितले, आणि ते केलेही गेले. त्या दोन मिनिटांच्या पडद्याचा व लुळ्या पडलेल्या हाताचा काही संबंध असावा, असे कोणाच्याही मनात आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. डोळा उजवा होता आणि हात डावा.

या व्याधीला आपण दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. आयुर्वेदाने तिला पक्षाघात म्हटले, लोकांनी अर्धांगवायू म्हटले. ग्रीकांच्या 'अपोप्लेक्सी' या शब्दाचा अर्थही तडाख्याने खाली पाडणे असाच आहे, आणि इंग्रजीतील 'स्ट्रोक' म्हणजे तर सरळ फटकाच. या सर्व नावांत आघात आहे. आघात करणारा मात्र कोठेच नाही. तो कोण, कोठून आला, कोणत्या वाटेने आला, हे विचारावयास माणसाला शतके लागली. उत्तर मिळू लागले ते रक्तवाहिन्या डोळ्यांनी पाहता येऊ लागल्यावर; प्रथम मृताच्या आणि मग जिवंत माणसाच्या. त्या पाहण्याचा हा इतिहास आहे. त्यात चिकाटी आहे, विलक्षण धाडस आहे आणि पाहिल्यावरही फसल्याच्या कथा आहेत.

शाफहाउझेन आणि ऑक्सफर्ड

सतराव्या शतकात स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या गावी योहान याकोब वेप्फर नावाचा वैद्य होता. अपोप्लेक्सीने मेलेल्या माणसांची शवे त्याने उघडून पाहिली आणि १६५८ साली आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यापूर्वी सुमारे दीड हजार वर्षे गेलनचे मत प्रमाण मानले जात होते. मेंदूच्या पोकळ्यांत थंड, चिकट कफ साठतो आणि प्राणतत्त्वाची वाट अडते, असे ते मत. वेप्फरला कफ आढळला नाही, रक्त आढळले. मेंदूत फुटून पसरलेले रक्त त्याने वर्णिले. शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचा मार्ग त्याने मानेपासून कवटीत शिरेपर्यंत शोधून काढला आणि ती वाट बुजली तरीही असाच आघात होऊ शकेल, असे प्रतिपादन केले. या रोगाचे दोन प्रकार, एक रक्त फुटण्याचा आणि दुसरा रक्त अडण्याचा, हा आजही पायाभूत मानला जाणारा भेद बीजरूपाने तेथे आहे.

सहा वर्षांनी, १६६४ मध्ये, ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसचा मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ निघाला. त्यातील चित्रे ख्रिस्टोफर रेनने काढली होती. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल पुढे ज्याने उभारले, तोच हा रेन. मेंदूच्या तळाशी चार मोठ्या धमन्या येतात आणि लहान शाखांनी एकमेकींना जोडल्या जाऊन एक वलय तयार करतात. हे वलय आज विलिसच्या नावाने ओळखले जाते. ते त्याच्याआधीही काहींनी पाहिले होते. ते कशासाठी आहे, हे विलिसने सांगितले. त्याने एका माणसाचे शव तपासले होते. त्याची मानेतील एक मोठी धमनी पूर्ण बुजून हाडासारखी कठीण झाली होती, तरी त्याला हयातीत पक्षाघात कधी झाला नव्हता. तो मेला पोटातील गाठीने. त्याच बाजूची, मणक्यालगतची दुसरी धमनी फुगून जाडजूड झालेली विलिसला दिसली. एक बंधारा फुटला तर शेतकरी दुसऱ्या पाटाने पाणी वळवितो, तसे निसर्गाने केले होते.

विलिसच्या या एका निरीक्षणाने पुढच्या साऱ्या शोधाला एक कायमचे कोडे घातले. धमनी बुजलेली आहे एवढे कळले म्हणजे रोगाचे कारण कळले, असे नाही. एकाची धमनी बुजते आणि तो वर्षानुवर्षे शेत नांगरतो. दुसऱ्याची बुजते आणि तो घटकेत कोसळतो. या फरकाचे उत्तर पुढची साडेतीनशे वर्षे शोधले जात राहिले.

दूरवरून आलेली गुठळी

एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने या विचाराला नवे वळण दिले. रक्ताची गुठळी जेथे धमनी बुजविते तेथेच ती तयार झाली असेल असे नाही. ती दूर कोठेतरी तयार होऊन, तुटून, प्रवाहाबरोबर वाहत येऊन अरुंद जागी अडकलेली असू शकते, हे त्याने १८४० नंतरच्या दशकात शवविच्छेदनांनी व प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. जागीच गोठणे आणि वाहत येऊन अडकणे यांना त्याने वेगवेगळी नावे दिली. ओढ्यात वाहून आलेला ओंडका मोरीत अडकावा आणि त्याचे मूळ झाड मात्र कोसभर वर डोंगरावर असावे, तसा हा प्रकार. मोरी साफ करून भागत नाही, डोंगरावर जावे लागते.

तरीही वैद्यांची दृष्टी कवटीतच अडकून राहिली. शवविच्छेदनात मेंदू काढला जाई, हृदय काढले जाई. त्या दोहोंना जोडणारी मान सहसा तशीच राही. १९०५ साली हान्स किआरी याने मानेतील कॅरॉटिड धमनी जेथे दुभंगते त्या जागी खडबडीत झालेल्या भिंतीवर गुठळ्या जमलेल्या पाहिल्या आणि तेथून त्या मेंदूत जात असाव्यात, असे लिहिले. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स रॅमसे हंट याने पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची मानेतील नाडी चाचपून पाहावी, असा आग्रह धरला. दोघांच्याही सांगण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जिवंत माणसाच्या मानेच्या आत डोकावता येत नव्हते, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर किती काळ विश्वास ठेवायचा?

लिस्बनमधील प्रयोग

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हिल्हेल्म रोंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. अवघ्या दोन महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नातील हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका मृत हाताच्या धमन्यांत क्ष-किरणांना अडविणारे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. झाडाच्या फांद्यांसारख्या त्या धमन्या काचेवर स्पष्ट उमटल्या. पण ते मिश्रण जिवंत माणसाच्या रक्तात सोडण्याजोगे नव्हते, आणि कवटीतील धमन्यांपर्यंत पोहोचावयास आणखी तीस वर्षे जावी लागली.

ते काम लिस्बनमध्ये झाले. ज्या लिस्बनहून एके काळी वसईचा व गोव्याचा कारभार चाले, त्या नगराचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. वैद्यकाच्या या प्रकरणातील त्याचा वाटा मात्र क्वचितच सांगितला जातो. एगास मोनिझ हे तेथील मज्जाविकारांचे प्राध्यापक. आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी राजकारणात घालविली होती. ते पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्रीही झाले होते. पन्नाशी ओलांडल्यावर ते संशोधनाकडे वळले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली असल्यामुळे सुई ते स्वतः टोचू शकत नसत. ते काम त्यांचे तरुण सहकारी अल्मेडा लिमा करीत.

हेतू पक्षाघाताचा नव्हता, हे येथे नमूद करावयास हवे. मेंदूतील गाठ नेमकी कोठे आहे हे शस्त्रवैद्याला सांगता यावे, एवढाच मोनिझ यांचा उद्देश होता. गाठ वाढली की धमन्या बाजूला सारल्या जातात. तेव्हा धमन्यांचे चित्र मिळाले तर गाठीची जागा कळेल, असा तर्क. त्यांनी प्रथम प्राण्यांवर व शवांवर प्रयोग केले, कोणता क्षार किती प्रमाणात वापरावा हे ठरविले, आणि मग रुग्णांकडे वळले. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडचे द्रावण वापरलेल्या पहिल्या रुग्णांत समाधानकारक चित्र मिळाले नाही, आणि त्यांतील एक रुग्ण दगावला. हा मृत्यू मोनिझ यांना जिव्हारी लागला. त्यांनी काम थांबविले, द्रावण बदलले, आणि पंचवीस टक्के सोडियम आयोडाइड घेऊन पुन्हा आरंभ केला. २८ जून १९२७ रोजी, नवव्या रुग्णाच्या वेळी, वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूतील धमन्या काचेवर उमटल्या. जिवंत माणसाच्या मेंदूचा रक्तमार्ग त्या दिवशी प्रथमच पाहण्यात आला. जुलै महिन्यात मोनिझ यांनी पॅरिसच्या मज्जाविज्ञान संस्थेपुढे तो वृत्तांत मांडला.

दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मोनिझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेतील आंतर-कॅरॉटिड धमनी बुजल्यामुळे अर्धांग झालेल्या रुग्णांचे वृत्त चित्रांसह प्रसिद्ध केले. विलिसने शवात पाहिलेली बुजलेली वाट आता श्वास घेणाऱ्या माणसात दिसत होती.

याच कहाणीला एक काळी किनार आहे. सोडियम आयोडाइडने वेदना होत व झटके येत, म्हणून १९३०-४० च्या दशकात थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य वापरात आले. चित्रे उत्तम येत आणि रुग्णाला त्रासही होत नसे. पण त्यातील थोरियम किरणोत्सर्गी होते आणि ते यकृतात व प्लीहेत जन्मभर साठून राही. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग आढळू लागले. निरोगी यकृताच्या कित्येक माणसांनी एका सुरेख चित्राची किंमत अशी चुकविली. मोनिझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही धमनीचित्रणासाठी नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. ती शस्त्रक्रिया आज वैद्यकाच्या इतिहासातील लाजिरवाण्या प्रकरणांत गणली जाते; ज्या कामाने पुढे असंख्य माणसांचे कल्याण झाले, त्याला पारितोषिक मिळाले नाही.

चुकीच्या बाजूचा डोळा

दुसऱ्या महायुद्धात मिलर फिशर नावाचा एक तरुण कॅनेडियन डॉक्टर ब्रिटिश युद्धनौकेवर होता. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनांनी ती नौका बुडविली आणि पुढची साडेतीन वर्षे त्याने युद्धकैदी म्हणून काढली. सुटून आल्यावर तो माँट्रियलमध्ये मेंदूविकारांच्या अभ्यासाला लागला. रुग्णाचे बोलणे कोणतीही घाई न करता ऐकून घेणे हा त्याचा स्वभाव.

अर्धांग झालेल्या एका रुग्णाने त्याला सांगितले की, पक्षाघात होण्यापूर्वी काही काळ त्याच्या एका डोळ्याला मधूनमधून अंधारी येत असे. फिशरने विचारले, कोणत्या डोळ्याला? रुग्णाने दाखविलेला डोळा लुळ्या पडलेल्या बाजूच्या विरुद्ध होता. मेंदूच्या उजव्या भागाची सत्ता शरीराच्या डाव्या बाजूवर चालते; तेव्हा एकच बिघाड डावा हात व उजवा डोळा यांना कसा भोवेल? इतर कोणी असता तर रुग्णाची स्मृती दगा देते आहे, असे म्हणून पुढे गेला असता. फिशरने मानेचा विचार केला. आंतर-कॅरॉटिड धमनी कवटीत शिरल्यावर आपली एक शाखा त्याच बाजूच्या डोळ्याला देते आणि पुढे त्याच बाजूच्या अर्ध्या मेंदूला रक्त पुरविते. उजवी कॅरॉटिड आजारी पडली, तर उजव्या डोळ्याला अंधारी येईल आणि डावे अंग लुळे पडेल. दोन्ही तक्रारींना जोडणारी जागा एकच होती, आणि ती मानेत होती.

रुग्ण मेल्यावर फिशरने एरवी उघडल्या न जाणाऱ्या त्या मानेतील धमन्या तपासल्या आणि कॅरॉटिड बुजलेली आढळली. १९५१ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी बहुतेक पक्षाघातांवर 'मेंदूतील मधल्या धमनीत गुठळी' असे ठरावीक लेबल लावले जाई. त्यांतील कित्येकांचे मूळ मेंदूबाहेर, बोटांनी चाचपता येईल अशा जागी आहे, हे त्याने दाखविले. शिवाय मोठ्या आघाताच्या आधी असे क्षणिक इशारे मिळतात आणि पुढेमागे बुजलेल्या भागाला वळसा घालण्याचा उपाय शस्त्रवैद्य शोधून काढतील, असे भाकीतही त्याने केले.

हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा रहाटाजवळ बसलेले आमचे शेजारी आजोबा मला आठवले. उजवा डोळा आणि डावा हात. त्यांना जो इशारा मिळाला होता, त्याचा अर्थ लावणारे कोणी त्या वाडीत नव्हते.

सुईपासून शस्त्रक्रियेपर्यंत

फिशरचे भाकीत तीन वर्षांतच खरे ठरले. मे १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी ६६ वर्षांच्या एका स्त्रीच्या मानेतील धमनीचा अरुंद झालेला भाग काढून टाकला. तिला त्यापूर्वी क्षणिक अर्धांगाचे व अंधारीचे तीसहून अधिक झटके येऊन गेले होते. धमनीचित्राने अरुंद जागा नेमकी दाखविली होती. शस्त्रक्रियेनंतर झटके थांबले.

धमनीचित्रणही आता सुलभ होऊ लागले होते. पूर्वी मानेतील धमनीतच सुई खुपसावी लागे. १९५३ साली स्वीडनच्या स्व्हेन-इव्हार सेल्डिंगर याने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. जांघेतील धमनीत सुई घालायची, सुईतून बारीक लवचीक तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून पोकळ नळी आत न्यायची. त्या नळीने मग शरीरातील हवी ती धमनी गाठता येऊ लागली. आज हृदयाच्या धमन्यांत फुगा घालणारे डॉक्टरही मूलतः हीच युक्ती वापरतात.

या शोधात मुंबईचाही मोलाचा वाटा आहे. डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत वाहून आलेल्या गुठळीचे रुग्ण धमनीचित्रणाने तपासले आणि आपली निरीक्षणे १९६५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पहिल्या चित्रात बुजलेली दिसलेली धमनी काही काळाने घेतलेल्या चित्रात मोकळी दिसू शकते, गुठळी आपोआप विरघळते, असे त्यांनी दाखविले. याचा अर्थ फार महत्त्वाचा होता. उशिरा घेतलेल्या चित्रात धमनी निर्दोष दिसली म्हणून ती कधी बुजलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. चोर पळून गेल्यावर घर तपासले तर चोर सापडणार नाही. त्यावरून चोरी झालीच नाही असा निष्कर्ष काढणे चूक. कारण शोधायचे असेल तर वेळेवर पाहिले पाहिजे, आणि शरीर स्वतःच गुठळी विरघळवू शकत असेल तर औषधाने ते काम लवकर करता येईल काय, हा प्रश्नही त्यातून पुढे येतो.

पण त्याआधी एक अडचण दूर व्हावयास हवी होती. रक्त फुटले आहे की अडले आहे, हे जिवंत रुग्णात खात्रीने सांगता येत नव्हते. दोन्हींत अंग लुळेच पडते. अडलेल्यास गुठळी विरघळविणारे औषध द्यावे, तर तेच फुटलेल्यास दिल्यास प्राणघातक. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद टिपले. सी. टी. स्कॅन या नावाने आज खेड्यापाड्यांत माहीत झालेले ते हेच यंत्र. फुटलेले ताजे रक्त त्यात पांढरे दिसते. वेप्फरने शवे उघडून केलेला भेद आता काही मिनिटांत, सुरी न लावता, होऊ लागला.

त्यानंतर साधने झपाट्याने वाढली. ध्वनिलहरींनी मानेतील धमन्यांचा वेग मोजता येऊ लागला; १९८२ मध्ये रुने ऑस्लिड याने कवटीच्या पातळ हाडातून आतील धमन्यांपर्यंत त्या लहरी पोहोचविल्या. चुंबकीय अनुनादाने, म्हणजे एम. आर. आय.ने, रक्त न मिळालेला मेंदूचा भाग आघातानंतर थोड्याच वेळात उजळलेला दिसू लागला. पुढे हाताच्या शिरेत औषध टोचून घेतलेल्या वेगवान स्कॅनने हृदयापासून कवटीपर्यंतचा सारा रक्तमार्ग एका दमात पाहता येऊ लागला. मोनिझ यांना जे नवव्या प्रयत्नात व एका मृत्यूनंतर साधले, ते आज तंत्रज्ञ सकाळच्या चहापूर्वी दोनदा करतो.

चित्र आणि निवाडा

एवढे दिसू लागल्यावर आत्मविश्वास वाढणे साहजिक होते. धमनी बुजली आहे ना, मग तिला वळसा घाला, या विचाराने डोक्याच्या कातडीतील धमनी मेंदूतील धमनीला जोडण्याची नाजूक शस्त्रक्रिया १९७० नंतर लोकप्रिय झाली. जोडलेली धमनी चित्रात सुंदर वाहताना दिसे. कॅनडाचे हेन्री बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली १,३७७ रुग्णांवर तिची रीतसर चाचणी झाली आणि १९८५ साली निकाल आला, की या शस्त्रक्रियेने पक्षाघात टळत नाहीत. अनेक शस्त्रवैद्य संतापले, पण आकडे बोलत होते. त्याच बार्नेट यांनी १९९१ मध्ये मानेतील धमनीच्या शस्त्रक्रियेची चाचणी प्रसिद्ध केली. धमनी ७० टक्के वा अधिक अरुंद झालेल्या आणि आधी इशारा मिळालेल्या रुग्णांत, केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, तर शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. चित्रात दोन्ही ठिकाणी अडलेली धमनीच दिसत होती. एका ठिकाणी ती उघडल्याने माणसे वाचली आणि दुसऱ्या ठिकाणी वळसा घालून काही साधले नाही. विलिसने घातलेले कोडे असे पुन्हा समोर आले.

म्हणूनच १९९३ साली अमेरिकन तज्ज्ञांनी कारणांची एक सुटसुटीत वर्गवारी मांडली, आणि ती आजही वापरात आहे. मोठ्या धमनीचे काठिण्य; हृदयातून आलेली गुठळी; मेंदूतील अगदी बारीक धमन्यांचा विकार; इतर ज्ञात कारण; आणि पाचवे, कारण अनिर्णित. 'इतर' या वर्गात मानेला हिसका बसून वा आपोआप धमनीचे अस्तर फाटणे येते. तरुणांच्या पक्षाघातात हे कारण विसरून चालत नाही. १९५७ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिलेला, धमन्या हळूहळू बुजत जाण्याचा एक विकारही त्यातच येतो. त्यात मदतीला धावलेल्या बारीक वाहिन्यांचे जाळे चित्रात धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून जपान्यांनी त्याला 'मोयामोया' म्हणजे धूसर असे नाव दिले. आणि पाचवा वर्ग वैद्यकाच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. सर्व तपासण्या करूनही रुग्णांचा एक मोठा हिस्सा त्यातच राहतो. काहींत दोन कारणे एकाच वेळी सापडतात: मान अरुंद आणि हृदयाचे ठोकेही अनियमित. ओंडका कोणत्या डोंगरावरून आला हे मोरीकडे पाहून सांगता येत नाही. तेव्हा धमनीचे चित्र, हृदयाची तपासणी, रक्ताची तपासणी आणि रुग्णाची हकीकत यांचा मेळ घालूनच निवाडा करावा लागतो.

वेळेवर पाहण्याचे मोल सर्वांत स्पष्ट झाले ते या शतकात. १९९५ मध्ये पहिल्या तीन तासांत शिरेतून दिलेले गुठळी विरघळविणारे औषध उपयोगी ठरले. २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पण मोठ्या धमनीतील मोठी गुठळी या औषधाला बहुधा दाद देत नाही. म्हणून जांघेतून नळी नेऊन गुठळी ओढून काढण्याचे प्रयत्न झाले. २०१३ मध्ये अशा तीन चाचण्यांचे निकाल आले आणि तिन्ही निराशाजनक ठरले. पद्धत टाकून द्यावी, असे कित्येकांचे मत झाले. बारकाईने पाहता असे दिसले, की त्यांतील दोन चाचण्यांत मोठी धमनी खरोखर बुजलेली आहे काय, हे आधी चित्र काढून पाहण्याची सक्तीच नव्हती. नसलेली गुठळी काढावयास नळी गेली, तर लाभ कसा होणार? शिवाय साधने जुनी होती आणि उशीरही झालेला असे.

जानेवारी २०१५ मध्ये नेदरलँड्समधील १६ रुग्णालयांतील ५०० रुग्णांच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. येथे प्रत्येकाची धमनी आधी पाहिली गेली होती आणि गुठळी सिद्ध झाली होती. तीन महिन्यांनी स्वावलंबी जीवन जगणारे रुग्ण नेहमीच्या उपचारांत १९ टक्के होते. गुठळी काढलेल्यांत जवळजवळ ३३ टक्के. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी हेच सांगितले. २०१८ च्या सुमारास निवडक रुग्णांत ही मुदत २४ तासांपर्यंत नेता येते, असे सिद्ध झाले; निवडक म्हणजे ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग पर्यायी धमन्यांच्या आधारे अजून तग धरून आहे, असे चित्रात दिसते ते. विलिसच्या शेतकऱ्याचा दुसरा पाट आता मोजता येऊ लागला, आणि त्या मोजमापावर उपचार ठरू लागले.

आजही खेड्यात 'वारं गेलं' म्हणतात, आणि म्हणोत. शब्द जुने असण्यात काही वाईट नाही. पण तोंड वाकडे झाले, एक हात उचलेनासा झाला, बोलणे जड झाले, तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी आणि रुग्णाला स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. 'रुग्ण शेवटचा केव्हा ठीक दिसला होता?' हाच डॉक्टरांचा तेथे पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर फक्त घरच्यांजवळ असते. आणि एका डोळ्यावर पडदा येऊन गेला, हात क्षणभर बधिर होऊन पुन्हा चालू लागला, तर आराम पडला म्हणून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी मानेच्या धमन्या व हृदय तपासून घ्यावे.

आमच्या शेजारचे आजोबा त्यानंतर चार वर्षे खाटेवर होते. ते गेल्यावर त्यांचा रहाटही मोडीत निघाला. पण केळीच्या बागेतून जाताना ते जेथे मटकन बसले होते ती जागा मला अजून ओळखता येते.